सक्तीची वसुली आणि ऐच्छिक ठेव

आम्हा बँकवाल्यांना एक खोड असते. कुठलीही गोष्ट समोर आली की आम्ही आधी तिच्यातले आकडे मोजतो. अर्थबिर्थ मागाहून, वेळ उरला तर. त्यामुळे ‘सखाराम बाइंडर’ची हकीकत वाचताना आमचं बोट नेमकं 32 या आकड्यावर अडलं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक कमलाकर सारंगांनी मार्च 1972 मध्ये रंगभूमीवर आणलं. थोडे प्रयोग होतात न होतात तोच सेन्सॉरने 32 ठिकाणी कात्री लावायचा हुकूम काढला. बत्तीस! म्हणजे नाटकाची बत्तिशीच काढायचा बेत!

आता हा सखाराम कोण? छापखान्यातला बाइंडर. लग्न नको म्हणतो, पण नवऱ्याने टाकलेली बाई घरी आणून ठेवतो. व्यवहार मात्र चोख. घरात राहशील तोवर अन्नवस्त्र माझं, बाकी मी म्हणेन तसं वागायचं. जायचं असेल तर साडी, 50 रुपये आणि हवं तिथलं तिकीट. राजेहो, आमच्या कर्जाच्या फॉर्मवरसुद्धा इतकी स्पष्ट कलमं नसतात!

आधी येते लक्ष्मी. देवभोळी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी. ती गेल्यावर येते चंपा, फौजदार नवऱ्याला लाथाडून आलेली. निळू फुले सखाराम झाले होते आणि लालन सारंग चंपा. चंपाला डोक्यावर छप्पर हवं असतं, सखाराम नको असतो. पण कलमात तेही आहे. मग ती दारू ढोसते आणि भान सुटलं की हिशेब चुकता करते. आमच्या भाषेत ही सक्तीची वसुली. पुढे ती आपल्या मर्जीने दाऊदकडे जाते. ही ऐच्छिक ठेव. पहिल्या खात्यावर घरात कुणाचीच हरकत नसते. दुसरं खातं उघडल्याचं लक्ष्मीकडून कळतं आणि सखाराम चंपाचा गळा दाबतो. लग्न न मानणारा हा गडी त्या क्षणी शंभर नवऱ्यांइतका नवरा होतो.

गंमत पाहा. बाहेर ओरड झाली ती शिव्यांची आणि शय्येची. गळा दाबल्याने संस्कृती बुडाली, असं ऐकिवात नाही. बरं, बाईची इच्छा आपल्याला नवीन म्हणावी, तर राम जोशी आणि होनाजी बाळाच्या लावण्यांत दुसरं काय आहे? पण तिथे लिहिणारे पुरुष, शिट्ट्या मारणारेही पुरुष. खातं बाईच्या नावावर, सही मात्र दुसऱ्याचीच. चंपा स्वतः सही करायला बसली आणि काउंटरवर गोंधळ उडाला. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, म्हणून बत्तिशी शाबूत राहिली.

हे सगळं मुंबईचं, असं म्हणून नागपूरकराने हात झटकायचं काम नाही. आमच्या धरमपेठेत इंग्रजी शिकवणारे महेश एलकुंचवार एकदा सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’ला जाऊन बसले आणि नाटककार होऊन बाहेर पडले. हाउसफुल्लच्या पाटीने मराठी रंगभूमीवर एवढे उपकार क्वचितच केले असतील. त्यांच्या ‘गार्बो’तल्या नटीकडून प्रत्येक पुरुषाला काहीतरी हवं असतं, तिला काय हवं, हे विचारायला कुणाला सवड नाही. भावाबहिणीच्या नात्यावरचं ‘वासनाकांड’ तर सेन्सॉरच्या घशाखाली उतरेना. अमोल पालेकरांना त्यासाठी झगडावं लागलं.

आमचे एक मामा नोकरीच्या ट्रेनिंगला मुंबईला गेले होते, तेव्हा ‘सखाराम’ पाहून आले. “निव्वळ अभ्यास म्हणून,” असं ते पुढे वीस वर्षं सांगत. मामींनी विचारलं होतं, “काय आहे हो त्यात?”

“तुझ्या कामाचं नाही,” मामा म्हणाले.

मामी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “बायांचंच आहे म्हणता, अन् माझ्या कामाचं नाही. मंग कोणाच्या कामाचं हाय?”

बत्तीस कात्र्या मोजून झाल्या, खटला जिंकून झाला. ही एवढी एक नोंद मात्र अजून कुठल्याच वहीत जुळलेली नाही.