बोअर का थरथरतं? एका जुन्या कटकटीचा इतिहास

1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला आणि खामगावचा कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. कापसामागोमाग जिनिंग-प्रेसिंग आलं. आणि जिथे जिन, तिथे लेथ हवंच! ऐन हंगामात बेअरिंगचं बुश झिजलं की नवं बुश आतून बोअर करावं लागतं. तेव्हाच बार थरथरतो, जॉब ओरडतो आणि आतल्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. हेच चॅटर. असं बुश बसवलं तर शाफ्ट फक्त लाटांच्या माथ्यांवर टेकतो आणि बुश लवकर झिजतं.

ही कटकट जुनीच आहे. 1775 मध्ये इंग्लंडमधल्या जॉन विल्किन्सनने बोअरिंग बार सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. वॉटच्या वाफेच्या इंजिनाला अचूक सिलिंडर मिळाले ते त्यामुळे. पण चकमध्ये धरलेल्या जॉबला ही सोय बहुधा नसते. बारचं एक टोक अधांतरीच राहतं.

1906 मध्ये फ्रेडरिक टेलरने धातुकर्तनावर मोठा निबंध वाचला. त्यातही चॅटरपुढे त्याने जवळपास हात टेकले होते. उलगडा झाला 1950च्या दशकात, ब्रिटनमध्ये टोबायस आणि चेकोस्लोव्हाकियात त्लुस्ती यांच्या कामातून. समजा, टूल एकदा हललं. मागे लाट राहते. पुढच्या फेरीत टूल त्याच लाटेवर येतं, चिपची जाडी कमी-जास्त होते, जोर बदलतो आणि टूल पुन्हा हलतं. म्हणजे थरथर स्वतःलाच खाऊ घालते.

आता कारागिरांचे जुने उपाय बघा. ओव्हरहँग 100 मिमीवरून 80 वर आणला तर बारचं वाकणं जवळजवळ निम्मं होतं, कारण ते लांबीच्या घनावर अवलंबून असतं. जाडी तर चौथ्या घातात मोजली जाते: 20 मिमीऐवजी 25 मिमीचा बार घेतला की वाकणं 40 टक्क्यांच्या आसपास उरतं. टूलचं नाक बारीक ठेवलं की बारला बाजूला ढकलणारा जोर घटतो.

आरपीएम बदलला की जुन्या-नव्या लाटांचा मेळ बिघडतो. म्हणून कधी स्पीड कमी करून आवाज थांबतो, तर कधी चक्क वाढवून! टर्नरला हे कानाने कळत होतं. सिद्धांताने त्याचं कारण दिलं. तुमच्या वर्कशॉपमध्ये जॉब ओरडला, तर नवा बार मागवण्याआधी आहे तोच थोडा आत सरकवून बघा.