ट्रॉम्ब्याच्या वाटेवरील खोळंबा

इतिहासाच्या ग्रंथांतून स्वाऱ्या असतात, तह असतात, राज्यारोहणें असतात. खोळंबा मात्र कोठें आढळत नाहीं. अमुक सालीं अमुक पूल रहदारीस खुला झाला, इतकें लिहून इतिहासकार पुढें जातो. पूल होण्यापूर्वीं माणसें ऐलतीरावर किती वेळ बसून राहात आणि पूल झाल्यावर तीं कोणत्या नव्या ठिकाणीं अडकून पडलीं, हा प्रश्न त्याला पडत नाहीं. वस्तुतः सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत तहनाम्यांपेक्षां खोळंब्याचाच वांटा मोठा. गाडी चुकते, चाकांतली हवा जाते, भर पावसांत छत्री उलटते, पाहुणे एका फलाटावर आणि यजमान दुसऱ्या फलाटावर तिष्ठत राहतात. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ महाराष्ट्राला घरचे वाटले, आणि १९७० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर त्यांनीं नव्या पिढीलाही हंसविलें, तें अशा फजित्यांच्याच बळावर. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथेंत एस. टी. च्या वाटेंत एक म्हैस येते आणि गाडी थांबते. धांवत्या गाडींत जे केवळ उतारू होते, ते थांबलेल्या गाडीभोंवतीं एकदम समाज होऊन उभे राहतात. विनोदकारांनीं जें ओळखलें, तें इतिहासकारांनींही ओळखावें अशा हेतूनें आम्ही येथें एका लहानशा वाटेचा इतिहास खोळंब्याच्या अंगानें सांगणार आहों.

ही वाट ट्रॉम्ब्याची. मुंबईच्या पूर्व अंगास असलेल्या या स्थळाचें मूळ नांव तुर्भे. इंग्रजी लेखणींतून तें ट्रॉम्बे होऊन बाहेर पडलें आणि मराठींतही तसेंच रूढ झालें. खाडीपलीकडे नवी मुंबईंत दुसरें तुर्भे असल्यामुळें पहिल्यानें परक्याचें नांव टिकवून धरणें सोयीचेंही ठरलें. पूर्वीं हें स्वतंत्र बेट होतें. साष्टीपासून खाडीनें तोडलेलें. मध्यभागीं सुमारें १००० फूट उंचीचा लांबट डोंगर. इंग्रज खलाशांस तो समुद्रांतून बैलाच्या जिभेसारखा दिसे, म्हणून त्यांनीं त्याला नांवही तसेंच दिलें होतें. साष्टींतून १७३७ मध्यें पोर्तुगीज गेले व मराठे आले. १७७४ मध्यें मराठे गेले व इंग्रज आले. परंतु या उलथापालथींनीं किनाऱ्यावरील कोळ्याच्या दिनक्रमाचें पानही हाललें नसावें. कारण त्याच्या येण्याजाण्यावर राज्य करणारा धनी निराळाच होता.

तो धनी म्हणजे भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. कोंकण किनाऱ्यावर तिचा एक सोपा ठोकताळा आहे : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीच्या तासाचा अदमास लागतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. हें गणित ज्याला येतें त्याला घड्याळ नको. ज्याला येत नाहीं त्याचा मचवा चिखलांत रुतून बसतो. या खोळंब्याचा एक मोठा गुण असा कीं, तो सर्वांना सारखा. मचव्यांत सावकार असो कीं मासळी विकणारी बाई असो, पाणी चढेपर्यंत दोघांनाही तेथेंच बसावें लागे. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दींत शीव व कुर्ला यांना जोडणारा बांध १८०५ मध्यें पुरा झाला, आणि साष्टीकडे कोरड्या पायांनीं जाण्याची सोय झाली. त्या दिवसापासून भरतीची सत्ता उतरणीस लागली.

पुढें आगगाडी आली. पण तिच्या येण्यांतही एक मासला आहे. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग १९०६ मध्यें तयार झाला आणि उतारूंसाठीं तो खुला झाला १९२४ मध्यें. मधल्या काळांत त्यावरून शहराचा केर वाहून नेणाऱ्या गाड्या जात. म्हणजे या भागांत मुंबईचा केर आधीं पोंचला आणि मुंबईकर मागाहून. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिच्याकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. १९२८ मध्यें अंधेरीपासून ट्रॉम्ब्यापर्यंत सुमारें १३ किलोमीटरांचा आणखी एक लोहमार्ग सुरू झाला. मुंबईच्या लोहमार्गांची वहिवाट दक्षिणोत्तर. तिला छेद देऊन पूर्व-पश्चिम जाणारी ही रेघ अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्यें, बंद पडली. ती बंद पडल्यानें कोणतें राज्य कोसळलें नाहीं, म्हणून इतिहासांत तिची नोंद एका ओळीपुरती. पण उपनगरांतून आडवें जाणाऱ्या माणसाचा खोळंबा त्यानंतर कित्येक दशकें चालला. वर्सोवा ते घाटकोपर अशी आडवी मेट्रो २०१४ मध्यें धांवूं लागली, तेव्हां जुन्या आडव्या गाडीची आठवण काढणारें माणूस फलाटावर क्वचितच सांपडलें असतें.

येथवर जो खोळंबा सांगितला तो नशिबीं आलेला. परंतु माणूस आपखुषीनेंही खोळंबतो, आणि त्या खोळंब्याचेंही एक तीर्थक्षेत्र याच वाटेवर होतें. राज कपूर यांनीं १९४८ मध्यें आपली चित्रसंस्था काढली आणि चेंबूर येथें आर. के. स्टुडिओ उभा राहिला. एखादी नटी मोटारींतून जातांना क्षणभर दिसेल, या आशेवर फाटकाबाहेर तासन्‌तास उभे राहणारे लोक मूर्ख होते असें म्हणणें सोपें आहे. आमच्या पेशाच्या मंडळींनीं तें पुष्कळदां म्हटलेंही आहे. आम्हांस मात्र तें पटत नाहीं. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करूं लागले, तेव्हां बुधवारच्या रात्रीं ज्यांच्या घरीं रेडिओ नव्हता ते उपाहारगृहाच्या पायरीशीं उभे राहून ऐकत. दिवसभर गाडीची, रेशनची, साहेबाच्या मर्जीची वाट पाहणाऱ्या माणसाला एखादी वाट आपण होऊन पाहावीशी वाटली, तर त्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा अंशच दिसतो. तें फाटकही आतां राहिलें नाहीं. १६ सप्टेंबर २०१७ रोजीं स्टुडिओस आग लागली, आणि २०१९ मध्यें ती जागा घरें बांधणाऱ्या कंपनीनें विकत घेतल्याचें जाहीर झालें.

दुसरीं फाटकें मात्र टिकलीं. ३ जानेवारी १९५४ रोजीं ट्रॉम्बे येथें अणुशक्तीची संस्था स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएट मुलूख वगळतां आशिया खंडांतील ती पहिली. १९६७ मध्यें संस्थेस डॉ. होमी भाभा यांचें नांव देण्यांत आलें. त्याच सुमारास माहुलकडील बाजूस तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले. या उद्योगांनीं देशास काय दिलें हें सर्वविदित आहे, आणि त्याविषयीं आमच्या मनांत कृतज्ञताच आहे. तथापि डोंगर व समुद्र यांच्यामधील किनारा कुंपणांत गेला, हेंही खरें. भरती कोणाला परवाना विचारीत नसे, फाटक विचारतें.

या फाटकाच्या शेजारीं जनता कॉलनी नांवाची गोरगरिबांची वस्ती होती. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखांतून १९६३ मध्यें मुंबईस आलेले जॉकिन अर्पुथम हे तरुण तेथें राहात व मुलांना जमवून गाणींबजावणीं करीत. वस्तींतला केर उचलला जात नव्हता. तेव्हां त्यांनीं मुलांची एक सहल काढली. शिदोरी म्हणून प्रत्येक मुलानें कागदांत बांधून थोडा थोडा केर घ्यावयाचा, आणि सहलीचें ठिकाण नगरपालिकेची कचेरी! कचेरीच्या दारांत केराचा ढीग पडला आणि त्या दिवशीं खोळंबा झाला तो साहेबांचा. ज्या दिशेनें शहरानें वर्षानुवर्षें आपला केर धाडला, त्याच दिशेनें त्यांतील चिमूटभर केर मुलांच्या हातून परत आला. अशी सहल मुंबईच्या इतिहासांत दुसरी आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें संस्थेला जागा हवी म्हणून वस्ती उठविण्याचें ठरलें, रहिवाशांनीं न्यायालयापर्यंत झगडा दिला. आणि अखेर आणीबाणींत, १९७६ च्या मे महिन्यांत, जनता कॉलनी जमीनदोस्त झाली. हजारों माणसें खाडीकांठच्या दलदलीच्या जागीं, आजच्या चीता कॅंपांत, नेऊन बसविलीं गेलीं. अर्पुथम यांना २००० मध्यें मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वस्ती मात्र होती तेथें परत आली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांस घेऊन ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्याकडे निघालों असतां मानखुर्दच्या अलीकडे आमची भाड्याची बस बंद पडली. दुरुस्तीस दोन तास लागले. मुलांनीं लगेच भेंड्या सुरू केल्या, आणि त्यांच्या बापांच्याही जन्मापूर्वींचीं चित्रपटगीतें त्यांना तोंडपाठ असल्याचें पाहून आम्हांस नवल वाटलें. रस्त्याकडेला रिकाम्या टोपल्या घेऊन एक वृद्ध कोळीण बसच्या वाटेवर बसली होती. एका विद्यार्थिनीनें तिला विचारलें, “आजी, पूर्वी बरं होतं की आता?” ती म्हणाली, “पूर्वी पाण्याची वाट बघायचो, आता सिग्नलची बघतो. पाणी निदान सांगून यायचं.” वर्गांत दोन सत्रें शिकवूनही जें आम्हांस इतक्या नेमकेपणानें सांगतां आलें नसतें, तें तिनें दोन वाक्यांत सांगितलें. पाण्याचा खोळंबा मोजतां येत होता. त्यासाठीं तिथी ठाऊक असली म्हणजे पुरे. रस्त्याच्या खोळंब्याला पंचांग नाहीं.

१९७३ मध्यें मानखुर्द-वाशी पूल झाला आणि पुण्याकडे जाणाऱ्या मोटारींचा ठाण्यावरून पडणारा वळसा चुकला. १९९२ मध्यें त्याच खाडीवरून आगगाडी गेली. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा, सुमारें २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. मोटारवाला आतां ट्रॉम्ब्याच्या दक्षिणेनें समुद्रावरून मिनिटांत निघून जातो. अणुकेंद्राच्या समोरच्या भागांत सेतूच्या कडेला उंच आडोसे लावले आहेत, त्यामुळें त्या टापूंत त्याला किनारा दिसत नाहीं. सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. त्या जुन्याच रस्त्यानें जातात आणि जुन्याच रांगेंत उभ्या राहतात.

पुलांना आमचा विरोध नाहीं. त्यांवरून आम्हीही जातों आणि वेळ वांचल्याचा आनंद आम्हांलाही होतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सुधारणेनें खोळंबा नाहींसा होतो हा समज अपुरा आहे. ट्रॉम्ब्याच्या वाटेवर तो नाहींसा झाला नाहीं, त्याची वांटणी बदलली. मचव्यांत जो सर्वांचा होता, तो हळूहळू कांहींजणांचाच झाला. म्हणून एखाद्या रस्त्याचा इतिहास लिहितांना त्याची लांबी, खर्च आणि उद्घाटकाचें नांव यांच्यापुढें आणखी एक रकाना असावा : येथें कोण थांबलें, किती वेळ आणि कोणासाठीं. हा रकाना दप्तरखान्यांतील कागदांवरून भरणार नाहीं. तो घरोघरच्या आजोबा-आजींच्या सांगण्यांतून, चुकलेल्या गाड्यांच्या आणि बंद पडलेल्या मोटारींच्या हंसत सांगितलेल्या हकीकतींतून भरावा लागेल. वाचकांनीं आपल्या घरच्या अशा हकीकती, साल आणि ठिकाण यांसह, एखाद्या वहींत उतरून ठेवाव्या. सांगणारीं माणसें वयोवृद्ध आहेत, आणि हें काम पुढच्या सुटीवर टाकण्यासारखें नाहीं.