गटात वाचायला काय घ्यावं? मराठी बायबलच्या 400 वर्षांची गोष्ट

नमस्कार मंडळी. 'मंडळी' म्हणताना मला नेहमी जरा हसू येतं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय, आणि आज बोलायचं आहे ते त्या मंडळीबद्दलच. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय पुस्तकांचा आहे. चर्चमधल्या बायबल-अभ्यासाच्या गटानं, किंवा घरी एकट्यानं वाचणाऱ्या माणसानं, मराठीत काय वाचायला घ्यावं?

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. साधा पदवीधर, आयुष्य फौजेत गेलं. पण माझा जन्म अहमदनगरचा, आता आपण अहिल्यानगर म्हणतो. त्या गावात एका बाजूला रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकन मिशनची जुनी चर्चं, शाळा. दोन्हींचा परिणाम माझ्यावर झाला.

प्रश्न मात्र दिल्लीत पडला. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे कस्तुरबा गांधी मार्ग जातो, जुन्या लोकांच्या तोंडी अजून कर्झन रोड. या एका रस्त्यावर अमेरिकन सेंटर आहे, ब्रिटिश कौन्सिल आहे, 2013 पासून नवं महाराष्ट्र सदन आहे आणि 2021 पासून संरक्षण खात्याच्या कचेऱ्यांचं नवं संकुल. आमचा दहा-बारा कुटुंबांचा गट याच परिसरात एका सदस्याच्या सरकारी घरी महिन्यातून एकदा जमतो. बरेचसे नगर, पुणे, सोलापूरकडचे प्रोटेस्टंट, आणि वसईची दोन कॅथलिक कुटुंबं.

वाद असा झाला. तरुण जोडप्यांचं म्हणणं, इंग्रजीतली तयार अभ्यासपुस्तिका आणू. प्रत्येक आठवड्याचा धडा, खाली प्रश्न, प्रश्नाखाली उत्तरासाठी रेघा. कुणी म्हणालं, दिल्लीत वाढलेली मुलं देवनागरी हिंदीसाठीच वाचतात, तर हिंदी बायबल घ्या. गटात नगरकडच्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही, हिंदी भाजीवाल्याशी बोलण्यापुरती. पुस्तिका आली असती तर त्या पुढच्या महिन्यातही आल्या असत्या, कोपऱ्यात बसल्या असत्या, चहा प्यायल्या असत्या आणि घरी गेल्या असत्या. नातवाला त्यांच्याकडून जे मिळायचं ते तिथेच संपलं असतं.

मला हा वाद ओळखीचा वाटला, कारण मराठीत तो 400 वर्षं चालू आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात उतरला. त्यानं रचलेलं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली साष्टीतल्या राशोल इथे छापलं गेलं. जवळजवळ 11 हजार ओव्या. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून माहीत आहेत, पण त्याहून महत्त्वाचा भाग ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबाला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत दुसरं पुराण का देत नाही? जुनी पुराणं बंद झाली ती पोर्तुगीज सत्तेच्या धाकानं. ही बाजू झाकून स्टीफन्सचं कौतुक करणं बरं नव्हे. तरी त्यानं काय केलं ते बघा. लोकांना हवा होता संध्याकाळी एकत्र बसून ऐकायचा, गायचा ग्रंथ, आणि त्यानं तोच दिला. छंद ओवीचा, रचना पुराणाची, आणि स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'. देवनागरीचे खिळे मिळाले नाहीत म्हणून छपाई रोमन लिपीत झाली, पण कानाला ते मराठीच होतं.

विल्यम कॅरीची गोष्ट उलटी. थोर माणूस, पण महाराष्ट्रात कधी पाऊल ठेवलं नाही. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं, त्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण काढलं आणि 1811 साली नवा करार. तोही मोडी लिपीत, कारण रोजच्या व्यवहाराची लिपी तेव्हा मोडी. ही निवड हुशारीची होती. पण भाषा पूर्वेकडच्या वळणाची, आणि मुंबईतल्या मिशनऱ्यांना ती इकडे चालेना. नकाशा चांगला काढला होता, मुलूख पाहिला नव्हता. फौजेत असे नकाशे मी बरेच हाताळले आहेत.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईत आले. ते मराठी शिकले आणि बाजारात, देवळांसमोर, गावोगाव बोलत हिंडले. त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार 1826 साली छापून पूर्ण झाला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. अमेरिकन सेंटरवरून जाताना मला तो आठवतो. आज आम्ही त्याच्या देशातली इंग्रजी पुस्तिका मागवायला निघालो होतो, आणि तो मात्र आमची भाषा शिकायला समुद्र ओलांडून आला होता. पुढे याच मिशननं 1842 साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं. बाबा पदमनजींचा 'यमुनापर्यटन' 1857 चा. तो कादंबरी म्हणून गाजला, पण हेच पदमनजी नव्या करारावर टीका लिहीत होते, म्हणजे आजच्या भाषेत अभ्याससाहित्यच.

आता पंडिता रमाबाई. इथे जरा थांबू या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. संस्कृत जिच्या जिभेवर, तिनं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि तेही संस्कृत शब्द टाळून. कारण तिच्यासमोर कोण होतं? दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, टाकलेल्या बायका, नुकती अक्षरओळख झालेल्या. प्रचलित भाषांतराची भाषा त्यांना जड जायची. दुसरं कारण रमाबाईंच्या शास्त्राभ्यासातून आलेलं. जुन्या धर्मग्रंथांत एखाद्या शब्दाचा अर्थ काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तोच शब्द ख्रिस्ती अर्थानं वापरला की ऐकणारीच्या मनात घोटाळा होतो असं त्यांचं मत. 'वैकुंठ' त्यांनी कधीच चालू दिलं नसतं. खिळे जुळवायचे, छापायचे, ही कामंही मुक्तीतल्या बायका-मुलींनीच केली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, त्याच्या थोडंच आधी शेवटची मुद्रितं तपासून झाली होती. ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

आणि तरीही मंडळ्यांमधून रुळलं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. मला याचं वाईट वाटतं, पण कारण समजतं. लोकांना वचनं आधीच एका वळणानं पाठ होती, आणि पाठ झालेलं सहजी बदलत नाही.

नारायण वामन टिळकांनी वाट निराळी काढली. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर नगरला काम करताना त्यांनी पाहिलं की उपासनेत परदेशी चालीवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हटली जातात आणि लोक ती निमूटपणे म्हणतात. त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन चर्चमध्ये आणलं. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडा, टिळक पानोपानी भेटतात. 1909 साली त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. 1919 साली ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. त्याच त्या 'स्मृतिचित्रे'वाल्या, लग्नाच्या वेळी ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

म्हणजे स्टीफन्स आणि टिळक जुनं भांडं घेऊन त्यात नवं भरतात, रमाबाई भांडंच बदलतात. बरोबर कोण? मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर, कारण दोघांनाही आपला वाचक चेहऱ्यानं माहीत होता. वाचक कोण हे न बघता पुस्तक निवडणं मला पटत नाही. पलटणीत धर्मशिक्षक असतो. पंडित असो, ग्रंथी, मौलवी की पाद्री, तो जवानांना समजेल अशा भाषेतच बोलतो. नाहीतर रविवारची परेड नुसती हजेरी होते.

हे सगळं मी गटापुढे मांडलं आणि म्हटलं, भांडण नको, चाचणी घेऊ. मोबाइलवर आज मराठी बायबलची निदान चार भाषांतरं फुकट मिळतात: बायबल सोसायटीचं जुनं वळण राखलेलं, तिचंच सोप्या भाषेतलं, 2019 ची 'आयआरव्ही' आवृत्ती आणि 'समकालीन' आवृत्ती. लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय घेतला, उधळ्या मुलाचा दाखला. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी फोन खाली ठेवायचे, आणि मग जो सर्वांत लहान त्यानं ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. नववीतल्या नातवानं सोप्या भाषेतलं ऐकून गोष्ट सरळ सांगितली. जुनं ऐकताना तो अडला असता, पण आजींनी ते वाचणाऱ्याच्या पुढे जाऊन तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. थोरल्या मुलाच्या रागापाशी त्या थांबल्या आणि आपल्या दोन दिरांच्या शेताच्या वाटणीबद्दल बोलल्या. इंग्रजी पुस्तिकेत त्या प्रश्नाखाली तीन रेघा असतात.

मग ठरलं ते असं. एकत्र वाचायला सोपी भाषा, पाठ करायला जुनं वळण. जिथे अर्थ अडेल तिथे रमाबाईंनी काय केलं ते बघायचं. टिपांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'. वसईचे दिब्रिटो म्हणजे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2024 साली गेले. त्यांची मराठी स्वच्छ आहे आणि टिपा त्या काळातला समाज, भूगोल समजावतात. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असतात आणि आमच्यात 66, हे आधी सांगून टाकावं म्हणजे कुणी पान शोधत बसत नाही. आम्ही 'बाप्तिस्मा' म्हणतो, वसईकर 'स्नानसंस्कार' म्हणतात. यावर मात्र अर्धा तास गेला, आणि तो चांगला गेला. इंग्रजी पुस्तिका टाकून दिलेली नाही. ज्याची चालवायची पाळी असेल त्यानं ती घरी वाचून यावं, गटात आणू नये.

अभ्यासाचं कुठलंही पुस्तक घेताना मी आणखी एक बघतो. प्रस्तावना. कुणी लिहिलं, कुठल्या मंडळीचं, मूळ मराठी की भाषांतर, भाषांतर असेल तर कुठल्या साली. ज्या पुस्तकावर यातलं काहीच नाही ते मी कितीही गुळगुळीत कागदावर असलं तरी परत ठेवतो. भाषांतरित पुस्तिकांत दाखले बर्फाचे आणि बेसबॉलचे असतात. नगरच्या माणसाला दुष्काळाचा दाखला द्यावा.

राहिला प्रश्न एकट्यानं वाचण्याचा. सरहद्दीवरच्या चौकीत माझ्याजवळ खिशात मावणारा नवा करार असे. पण रात्री दिवा लावायची मुभा नसे. तेव्हा कामाला आलं ते आईनं पाठ करून घेतलेलं, स्तोत्रसंहितेतली पाच-सहा स्तोत्रं आणि टिळकांची गीतं. म्हणून घरी वाचणाऱ्यांना माझं सांगणं, रोज पानं मोजू नका. एका महिन्यात एक स्तोत्र, मोठ्यानं, तोंडात बसेपर्यंत.

याचा सर्वांत मोठा दाखला परत स्टीफन्सकडेच नेतो. पोर्तुगीज सरकारनं 1684 साली फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ख्रिस्तपुराण तरी उरलं, गोव्यात आणि गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या घरांत. 1784 साली टिपू सुलताननं मंगळूरच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं. 1799 साली टिपू पडेपर्यंत ते तिथे होते. नेहमीची चर्चं नाहीत, मिस्सा नाही. त्या काळात याच पुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, अशी आठवण मंगळूरकडचे लोक सांगत आले. 1907 साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला तो घरोघरी जपलेल्या हातानं लिहिलेल्या प्रतींवरून. 1616 ची आणि तिच्यानंतरच्या दोन आवृत्त्यांची छापील प्रत आजवर एकही सापडलेली नाही.