जबडा सांधणारे हात

युद्धाच्या इतिहासात सेनापती आठवतात, क्वचित शल्यविशारदही आठवतात. दंतवैद्य मात्र सहसा कोणाच्या स्मरणात नसतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचे गाव. येथे बसलेल्या अनेकांच्या घरी सैनिकी पेशा परंपरेने चालत आला आहे. म्हणूनच पहिल्या महायुद्धातील या उपेक्षित वैद्यकाची हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे मला वाटले.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली, तेव्हा तिच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. बोअर युद्धात किडक्या दातांपायी कित्येक शिपाई निकामी झाले होते. तरीही दंतवैद्याला सैन्यात कायमचे स्थान मिळाले नव्हते. पुढे खंदकांच्या लढाईने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. धड मातीआड सुरक्षित, पण डोके वर निघताच गोळी किंवा तोफगोळ्याची किरच चेहऱ्यावर बसे. खालचा जबडा फुटला की जिभेचा आधार जातो आणि उताणा निजवलेला जखमी गुदमरतो. विल्यम केल्सी फ्राय हे वैद्यक आणि दंतवैद्यक अशा दोन्ही विद्या शिकलेले पलटणीचे डॉक्टर. अशाच एका शिपायाला त्यांनी मान पुढे झुकवून, चालवत मागे आणले. स्ट्रेचरवर उताणा ठेवल्यावर मात्र थोड्याच अंतरावर त्याने प्राण सोडला. अशा जखमीचे तोंड पुढे वा खाली झुकलेले ठेवावे, हा नियम किती प्राणांच्या मोलाने शिकला गेला असेल, याचा विचार करावा.

जीव वाचला, तरी चेहऱ्याचा प्रश्न उरे. हाड तुटून गेले असतानाही जखमेच्या कडा ओढून शिवल्या जात. व्रण आक्रसला की चेहरा वाकडा होई, तोंड उघडेनासे होई. दंतवैद्य निराळा प्रश्न विचारी : वरचे दात खालच्या दातांवर बरोबर टेकतात काय? उरलेल्या दातांना तार व पट्ट्या बांधून तो आधी हाड जागेवर आणी. कातडीचे काम त्यानंतर.

वराझ्ताद काझांजियन हे या विद्येतले एक थोर नाव. १८७९ साली तुर्की साम्राज्यातील आर्मेनियन कुटुंबात जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत आला आणि वूस्टर शहरातील तारेच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे हार्वर्डमध्ये तो दंतवैद्य झाला. १९१५ मध्ये तो फ्रान्सला गेला, सोबतच्या तुकडीची मुदत संपल्यावरही तेथेच राहिला, आणि त्याने जबड्याच्या व चेहऱ्याच्या हजारो जखमींवर उपचार केले. कारखान्यात तारेला सरावलेले हातच तेथे कामी आले, असे मला वाटते.

तरीही दंतवैद्याचा मान दुय्यमच होता. बूलोनजवळ विमरो येथे शार्ल वालादिए हे जबड्याच्या जखमा हाताळत. परंतु देखरेखीस शल्यविशारद हवा, म्हणून हॅरल्ड गिलीज यांना तेथे पाठविण्यात आले. देखरेख करणाराच तेथे शिकला. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचे जनक म्हणून आज गिलीज यांचे नाव घेतले जाते. पुढे ऑल्डरशॉट आणि सिडकप येथील त्यांच्या रुग्णालयांत केल्सी फ्राय हे त्यांचे सहकारी झाले : हाड एकाकडे, मांस आणि कातडी दुसऱ्याकडे.

१९२१ मध्ये ब्रिटनने सैन्यासाठी स्वतंत्र दंतवैद्यक दल उभारले. भारतीय सैन्यात ते १९४१ मध्ये आले. काझांजियन यांनी मात्र युद्धानंतर, चाळिशी ओलांडल्यावर, पुन्हा विद्यार्थी होऊन वैद्यकाची पदवी मिळवली, आणि पुढे हार्वर्डमध्येच ते प्लॅस्टिक सर्जरीचे प्राध्यापक झाले. युद्धाने त्यांचे कौशल्य आधीच सिद्ध केले होते. पदवीची अट तरीही त्यांना पुरी करावी लागली. विद्येच्या क्षेत्रात आपण जी उतरंड मानतो, तिची किंमत कधी कधी स्ट्रेचरवरचा माणूस मोजतो. शाळेच्या या व्यासपीठावरून एवढेच मला सांगावयाचे आहे.