शालापूर्व वयातील कारक आत्मनियंत्रणाचे मापन

शालापूर्व वयातील कारक आत्मनियंत्रणाचे मापन म्हणजे साधारणतः ३ ते ६ वर्षे वयाचे मूल स्वतःच्या हालचाली सूचनेनुसार कितपत थांबवू, मंदावू किंवा बदलू शकते, हे खेळवजा कृतींद्वारे तपासण्याची पद्धत होय. या वयात लेखी चाचणी शक्य नसते आणि मूल आपल्या वर्तनाचे वर्णनही नीट करू शकत नाही. म्हणून प्रत्यक्ष हालचालीचे निरीक्षण केले जाते.

पार्श्वभूमी

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांना दिवा लागताच रबरी फुगा दाबण्यास किंवा न दाबण्यास सांगून प्रयोग केले. फार लहान मुलांना हालचाल सुरू करणे जमते, परंतु ती रोखणे कठीण जाते, असे त्यांना आढळले.

प्रमुख कृती

* सावकाश चालणे : मूल जमिनीवरील रेघेवरून आधी नेहमीच्या गतीने व नंतर शक्य तितके हळू चालते. दोन्ही वेळांतील फरक मोजतात.
* ठोके : परीक्षकाने एक ठोका दिल्यास मुलाने दोन, व दोन दिल्यास एक द्यायचा असतो. ॲडेल डायमंड व कॉलीन टेलर यांनी १९९६ मध्ये या कृतीवरील अभ्यास प्रसिद्ध केला.
* पुतळा : मूल डोळे मिटून ७५ सेकंद स्थिर उभे राहते, मधूनमधून आवाज करून त्याचे लक्ष विचलित केले जाते.
* डोके-पाय-गुडघे-खांदे : ‘डोक्याला हात लावा’ म्हटल्यावर मुलाने पायाच्या बोटांना हात लावायचा असतो. बरोबर प्रतिसादास २, चुकीची हालचाल स्वतःहून सुधारल्यास १ व चुकीच्या प्रतिसादास ० गुण मिळतात.

पारंपरिक खेळांशी साम्य

महाराष्ट्रातील ‘स्टॅच्यू’, ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘चिमणी उडाली भुर्र’ या खेळांतही हालचाल रोखण्याची क्षमता लागते. ‘चिमणी उडाली भुर्र’मध्ये उडणाऱ्या प्राण्याचे नाव घेतल्यासच बोट उचलायचे असते. मात्र या खेळांची सूचना, वेळ व गुणदान ठरलेले नसल्याने त्या प्रमाणित चाचण्या ठरत नाहीत.

मर्यादा

बहुतेक कृती तोंडी सूचनांवर अवलंबून असतात. रायगड जिल्ह्यातील चौक परिसरात, तसेच कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यांवर, ठाकूर व कातकरी समाजांची वस्ती आहे. कातकरी बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे. घरी ती बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठीतील सूचना समजली नाही, तर कमी गुण आत्मनियंत्रणाचा अभाव नव्हे, तर भाषेतील अंतर दर्शवितात. त्यामुळे घरच्या बोलीत सूचना देणे, कृती आधी करून दाखवणे आणि सरावाच्या फेऱ्यांत नियम समजल्याची खात्री करणे आवश्यक ठरते. अनोळखी परीक्षक, भूक, थकवा व लाजरेपणा यांचाही परिणाम होतो. एकाच वेळच्या गुणांवरून मुलास ‘चंचल’ ठरवणे योग्य मानले जात नाही.