रेल्वे लेआउट (लघुप्रतिकृती)

रेल्वे लेआउट म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेली चालती रेल्वे आणि तिच्या भोवतालचा भूप्रदेश यांची एकत्रित मांडणी होय. रूळ, इंजिने व डबे यांच्याबरोबर डोंगर, पूल, स्थानके, वस्ती आणि झाडी यांचाही तीत समावेश होतो. खेळण्यातील गाडी नुसती धावली तरी पुरते. वास्तवदर्शी लेआउटमध्ये मात्र ती एखाद्या विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट काळी आणि काही कामासाठी धावत आहे, असे पाहणाऱ्यास वाटावे लागते. घरातील जागा नेहमीच अपुरी असल्याने असे लेआउट उभारताना काय दाखवावे यापेक्षा काय गाळावे, हा प्रश्न अधिक अवघड ठरतो.

इतिहास

आरंभीच्या काळात प्रत्येक उत्पादकाच्या खेळण्यातील गाड्यांची मापे निराळी असत. जर्मनीतील मार्कलिन या कंपनीने १८९१ साली लायपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. पुढे ही मापे इतरांनीही स्वीकारली. ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीच्या गाड्या १९२० पासून मिळू लागल्या. या गाड्या मोठ्या असल्याने त्यांना अख्खी खोली लागे. त्यांच्या साधारण निम्म्या आकाराच्या गाड्या १९३० च्या दशकात आल्या आणि टेबलावर मावणारी रेल्वे शक्य झाली. त्याहून लहान ‘एन’ माप १९६२ मध्ये आर्नोल्ड या जर्मन कंपनीने, तर ‘झेड’ माप १९७२ मध्ये मार्कलिनने बाजारात आणले.

सुरुवातीच्या हौशी मंडळींचे लक्ष बहुतांशी इंजिनावरच असे. जॉन अहर्न या इंग्रज हौशी कारागिराने १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक रेल्वे रचायला घेतली. तिच्यातील गावाला, बंदराला व घरांना त्याने गाड्यांइतकेच महत्त्व दिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन (१९१३–१९७३) या छायाचित्रकाराने ‘गोरी अँड डिफीटेड’ हे लेआउट राहत्या घरात उभारले. त्यातील डोंगरांचे कडे जमिनीपासून छतापर्यंत पोहोचत आणि रूळ त्यांच्या अंगाखांद्यावरून जात. नव्या कोऱ्या प्रतिकृतींवर गंज, काजळी आणि धूळ रंगवण्याची पद्धत लोकप्रिय होण्यात अ‍ॅलनच्या छायाचित्रांचा मोठा वाटा आहे.

प्रमाण आणि गेज

प्रतिकृती मूळ वस्तूच्या कितव्या हिश्शाची आहे हे ‘प्रमाण’ सांगते, तर दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतरास ‘गेज’ म्हणतात. नवख्यांचा या दोहोंत पुष्कळ गोंधळ होतो. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ मापाचे प्रमाण १:८७ असून गेज १६.५ मिलिमीटर आहे. ‘एन’साठी ही मापे सामान्यतः १:१६० व ९ मिलिमीटर, तर ‘झेड’साठी १:२२० व ६.५ मिलिमीटर अशी आहेत.

ब्रिटनमधील ‘ओओ’ गाड्या १:७६ या प्रमाणाच्या असूनही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालतात. हिशेबाने तेथे १८.८ मिलिमीटर हवेत. ब्रिटिश इंजिने आकाराने आटोपशीर असल्यामुळे त्या काळातील मोटर १:८७ च्या सांगाड्यात मावत नसे, म्हणून सांगाडा वाढवला गेला आणि रूळ तसेच राहिले. भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यांपुढेही हीच अडचण उलट्या बाजूने येते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद आहे. १:८७ ने ती १९.३ मिलिमीटर होते, पण तयार रूळ मिळतात ते १६.५ चे. त्यामुळे बहुतेक भारतीय एचओ गाड्या प्रत्यक्षापेक्षा सुमारे पावणेतीन मिलिमीटर अरुंद मार्गावर धावतात. समोरून पाहिल्यास हा दोष जाणवतो, बाजूने पाहिल्यास सहसा नाही.

याउलट नॅरोगेजबाबत हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो. बार्शी लाइट रेल्वे (१८९७) किंवा मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ यांचा मार्ग ७६२ मिलिमीटरचा होता. १:८७ ने तो ८.७६ मिलिमीटर होतो आणि एन मापाचे तयार ९ मिलिमीटरचे रूळ त्याला चालतात. वळणे तीव्र, गाड्या आखूड आणि स्थानके लहान असल्याने घरातील जागेलाही असे मार्ग अधिक मानवतात. महाराष्ट्रातील एखाद्या मार्गाची प्रतिकृती करायची झाल्यास ही निवड सर्वांत शहाणपणाची म्हणता येईल.

जागेचा प्रश्न

अंतराच्या बाबतीत प्रमाण पाळणे घरात अशक्यप्राय असते. एलएचबी पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. एचओ मापात तो साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. अशा वीस डब्यांची गाडी साडेपाच मीटर भरते, म्हणजे सर्वसाधारण दिवाणखान्याच्या भिंतीपेक्षा लांब. फलाट त्याहून मोठा हवा. भारतीय ब्रॉडगेजवरील सर्वांत तीव्र अनुज्ञेय वळणाची त्रिज्या १७५ मीटर आहे. एचओमध्ये ती दोन मीटर होते. तयार संचांतील वळणे मात्र ३६ ते ४५ सेंटिमीटर त्रिज्येची असतात. अशा वळणावर लांब डब्यांचे मध्यभाग आतल्या बाजूस व टोके बाहेरच्या बाजूस लोंबतात आणि सगळा आभास क्षणात मोडतो.

यावरील उपायास ‘सिलेक्टिव्ह कॉम्प्रेशन’, म्हणजे निवडक आकसणे, असे म्हणतात. डब्यांची लांबी, दारांची उंची, माणसांचा आकार यांना हात लावायचा नाही. पण गाडीतील डब्यांची संख्या, फलाटाची लांबी, दोन स्थानकांतील अंतर आणि इमारतींतील कमानींची संख्या कमी करायची. सहा-सात डब्यांची गाडी तिच्या फलाटाशी व यार्डाशी जुळत असली की पूर्ण वाटते. तीव्र वळणे बोगद्यात, डोंगरामागे किंवा झाडीआड लपवतात. गाडी दृश्यातून बाहेर पडून जेथे थांबते त्या आडोशाच्या रूळसमूहास ‘फिडल यार्ड’ म्हणतात. तो असल्यास ठिकाण खोटे वाटत नाही. नसल्यास गाडी डोळ्यांदेखत स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहते.

चढाचाही असाच हिशेब असतो. एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी एचओमध्ये साधारण साडेसात ते आठ सेंटिमीटर उंची गाठावी लागते. बोरघाटातील १:३७ चा चढ घेतला तरी त्यासाठी सुमारे तीन मीटर लांबीचा मार्ग लागतो. वळणावर त्यात ओढीचा विरोध वाढतो आणि हलके इंजिन जागीच चाके फिरवू लागते.

पाया, रूळ आणि वीज

आधाराची चौकट सहसा लाकडी पट्ट्यांची व वरचा पृष्ठभाग प्लायवुडचा असतो. हात पोहोचेल इतकीच, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर, रुंदी ठेवतात, कारण गाडी रुळांवरून घसरते ती बहुधा सर्वांत मागच्या कोपऱ्यात. पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून चौकट सर्व बाजूंनी रंगवून वा वॉर्निश करून घेणे आवश्यक असते. रुळांच्या जोडांत बारीक फटीही सोडाव्या लागतात. हिवाळ्यात घट्ट जोडलेला मार्ग उन्हाळ्यात वाकडा झाल्याची उदाहरणे या छंदात नित्याची आहेत.

रूळ ‘निकेल सिल्व्हर’चे, म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात, नावाव्यतिरिक्त त्यात चांदी नसते. पारंपरिक पद्धतीत दोन रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडतात. व्होल्टता वाढवली की वेग वाढतो आणि धन-ऋण बदलले की दिशा बदलते. दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवायची तर मार्गाचे विद्युतदृष्ट्या वेगळे भाग पाडावे लागतात. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या डीसीसी या अंकीय पद्धतीत रुळांत वीज सतत असते आणि तिच्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. कोणत्याही पद्धतीत गाडी स्वतःवरच फिरून उलट दिशेने परत येईल अशी फेरी काढल्यास डावा रूळ उजव्याला मिळून शॉर्टसर्किट होते, त्यामुळे तेवढा भाग तोडून वेगळा जोडावा लागतो. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबून न राहता रुळांच्या प्रत्येक तुकड्यास खालून स्वतंत्र तार देणे हा बहुतेक बिघाडांवरचा आगाऊ उपाय होय.

भूदृश्य

डोंगरासाठी जाळी, पुठ्ठ्याच्या पट्ट्या किंवा थर्माकोलचा सांगाडा करून त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेले कागद वा कापड पसरतात. महाराष्ट्रात दिवाळीतील किल्ले करणाऱ्या मुलांना यातील निम्मी कृती ठाऊकच असते. फरक प्रमाणात आहे. किल्ल्यावरील मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. एचओ लेआउटमध्ये माणूस दोन सेंटिमीटरहून किंचित बुटका आणि पंधरा मीटरचा आंबा सतरा सेंटिमीटरचा असावा लागतो. बहुतेक लेआउटवरील झाडे यापेक्षा बरीच खुजी असतात.

रुळांखालची खडी हा दृश्यातील सर्वांत वेळखाऊ भाग होय. चाळून एकसारखी केलेली बारीक खडी कोरडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये बसवतात, तिच्यावर साबणाचे एक-दोन थेंब घातलेल्या पाण्याचा फवारा मारतात आणि मग पाण्यात पातळ केलेला लाकूडकामाचा पांढरा गोंद ड्रॉपरने सोडतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन गोंद खोल मुरतो. त्याविना तो थेंबाथेंबाने वर राहतो आणि खडी उचलून आणतो. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या वाळूत व कोकणच्या काळ्या पुळणीत चुंबकाला चिकटणारे लोहयुक्त कण असतात. ते इंजिनाच्या मोटरीत ओढले जाऊन ती खराब होते. त्यामुळे घरी आणलेल्या वाळूतून आधी चुंबक फिरवून घेणे अत्यावश्यक आहे.

गवतासाठी नायलॉनचे तंतू विद्युतभाराच्या साहाय्याने ओल्या गोंदावर उभे रोवतात. रंगांची निवड त्या प्रदेशावरून करावी लागते: सह्याद्रीचा कातळ काळपट करडा, कोकणची माती जांभ्याची तांबडी, आणि तेच माळरान श्रावणात हिरवे व फेब्रुवारीत पिवळे. लेआउटवर एकच ऋतू असावा लागतो. आयात केलेली युरोपीय झाडे आणि घरे जशीच्या तशी लावल्यास भारतीय इंजिनही परके दिसते.

नव्या डब्याची चकाकी घालवण्यासाठी मंद रंगांचे पातळ थर, खडूची पूड व गंजाच्या छटा वापरतात. ब्रेकच्या लोखंडी भुकटीमुळे प्रत्यक्षात रुळांच्या बाजू व स्लीपर तपकिरी झालेले असतात. रुळांच्या चकचकीत बाजू रंगवणे हे एकच काम खर्चाच्या मानाने सर्वाधिक परिणाम साधते.

चालवणे

प्रमाण वेगालाही लागू असते. ताशी ६० किलोमीटरची गाडी एचओमध्ये सेकंदाला अवघी १९ सेंटिमीटर जाते, म्हणजे पाच मीटरची भिंत ओलांडायला तिला जवळजवळ अर्धे मिनिट लागते. नवखे लोक तिला याच्या तिप्पट-चौपट वेगाने पळवतात. काही हौशी मंडळी वेगवान घड्याळ लावून वेळापत्रकाप्रमाणे गाड्या सोडतात, सांधे बदलतात आणि मालडबे कोठून कोठे न्यायचे याच्या चिठ्ठ्या ठेवतात.

जतन

घरातील लेआउट बहुधा करणाऱ्याच्या हयातीपुरते असते. जॉन अ‍ॅलनच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७३ मध्ये, त्याच्या घराला आग लागून ‘गोरी अँड डिफीटेड’ नष्ट झाले. आज ते छायाचित्रांतूनच ज्ञात आहे. ‘मॅडर व्हॅली’ मात्र इंग्लंडमधील लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालयात सुरक्षित आहे. हे संग्रहालय रॉय इंग्लंड यांनी स्थापिले. नाहीशी होत चाललेली गवती छपरांची घरे पाहून त्यांनी त्यांच्या मापबरहुकूम प्रतिकृती करण्यास प्रारंभ केला होता. पुण्यात कोथरूड येथे बी. एस. जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे.

भाड्याच्या घरांत राहणारे हौशी लोक लेआउट सुट्या पेट्यांच्या स्वरूपात करतात. पेट्या एकमेकींना बोल्टांनी जोडतात, तारांना प्लग बसवतात आणि जोडावरील रूळ पितळी स्क्रूंच्या माथ्यांवर झाळून मगच कापतात, जेणेकरून वाहतुकीत रुळांची टोके हलू नयेत.