एकेचाळीस किलोमीटरवरचे जिवाणू

पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असावे, ही कल्पना जुनी आहे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १९०३ मध्ये सुचवले की, प्रकाशाच्या दाबाने ढकलले जाणारे सूक्ष्म बीजाणू ताऱ्याताऱ्यांमधून प्रवास करत असावेत. पुढे १९७० नंतर फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी धूमकेतूंना या बीजांचे वाहक मानले. पण कल्पना पडताळायची कशी?

हॉईल यांचे शिष्य आणि कोल्हापूरचे सुपुत्र जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने त्यासाठी प्रयोग आखला गेला. जमिनीवरची धूळ ४१ किलोमीटर उंच सहसा पोचत नाही. तेथे जिवाणू मिळाले, तर ते वरून आलेले असू शकतील, असा हा तर्क होता. २१ जानेवारी २००१ आणि २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या फुग्यात निर्जंतुक केलेली, आतली हवा काढून टाकलेली पोलादी नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये, म्हणजे शून्याखाली सुमारे २४६ अंश सेल्सिअस तापमानात, बुडवलेली होती. त्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा गोळा झाली आणि नळकांडी हवाई छत्रीने खाली उतरली. नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले.

मार्च २००९ मध्ये इस्रोने निष्कर्ष जाहीर केले. जिवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. त्यांना हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे मिळाली. अतिनील किरण सोसण्याची त्यांची क्षमता त्यांच्या जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त होती. मात्र त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही इस्रोने स्पष्ट केले.

हा सावधपणा योग्य ठरला. आर्यभटांचे नाव लाभलेला जिवाणू पुढे जमिनीतच सापडू लागला. मध्य भारतात सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या काळ्या मातीत तो मिळाला आणि पिकाला जस्त मिळवून देण्यात त्याची मदत होते, असे २०१४ च्या एका संशोधनात दिसले. आम्हां सोलापूरकरांच्या ज्वारीच्या शेतातली माती त्याच काळ्या जातीची आहे.

यातून वर्गात सांगण्याजोगा धडा मिळतो. 'नवी जाती' म्हणजे आपल्याला नवी. ती परग्रहावरचीच असे नव्हे. शिवाय जिवाणू वरून खाली आला की खालून वर गेला, हे नुसत्या सापडण्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या शरीरातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरील जीवांपेक्षा वेगळे आहे का, हे पाहावे लागेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. प्रश्न अजून सुटलेला नाही. पण तो फुग्याने आणि नळकांड्यांनी विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.